तुम्ही विचारलंत म्हणून: कॅथलिक माणसं बायबल वाचतात का?

हा प्रश्न मला वर्षातून चार-पाच वेळा तरी येतो. कधी दुसऱ्या ख्रिस्ती पंथातली मैत्रीण विचारते, कधी ख्रिस्ती नसलेला एखादा सहकारी. "तुमच्याकडे मिस्सा आहे, जपमाळ आहे, सण आहेत. पण तुम्ही लोक बायबल वाचता कुठे?" विचारणाऱ्याच्या मनात खोट नसते आणि प्रश्नात तथ्यही आहे. चर्चमध्ये माझ्या आजूबाजूला बसणाऱ्यांना अचानक बायबलमधलं हबक्कूकचं पुस्तक काढायला सांगितलं, तर अनेकांना अनुक्रमणिका बघावी लागेल. तेव्हा उत्तर टाळायचं नाही, सरळ द्यायचं.

आम्ही बायबल वाचतो त्यापेक्षा कितीतरी जास्त ऐकतो. तेही एकत्र बसून, आणि ऐकून झालं की त्याच जागी त्यातलं काहीतरी करतो.

ऐकण्याचा भाग आधी सांगते, कारण तो मला आतून माहीत आहे. मी आमच्या धर्मग्रामात, म्हणजे आमच्या चर्चच्या स्थानिक समुदायात, वाचक आहे; बायबलचे उतारे सगळ्यांसमोर मोठ्याने वाचते. रविवारच्या मिस्सेत, म्हणजे आमच्या मुख्य उपासनेत, तीन वाचनं आणि एक प्रतिसाद स्तोत्र असतं. पहिलं वाचन बहुतेक वेळा जुन्या करारातलं, मग स्तोत्र, मग प्रेषितांच्या पत्रांतलं दुसरं वाचन आणि शेवटी शुभवर्तमान, म्हणजे येशूचं जीवन सांगणाऱ्या चार पुस्तकांपैकी एकातला उतारा. ते सुरू होताना सगळे उभे राहतात आणि अंगठ्याने कपाळावर, ओठांवर आणि छातीवर क्रूस काढतात. काय वाचायचं हे फादरांच्या मर्जीवर नसतं. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने, म्हणजे जगभरच्या कॅथलिक बिशपांच्या सभेने, १९६३ साली ठरवलं की बायबलचं भांडार श्रद्धावंतांसाठी अधिक मोकळ्या हाताने उघडायचं. त्यातून १९६९ मध्ये नवा वाचनक्रम आला. त्याआधी एकाच वर्षाचं चक्र होतं आणि रविवारी जुना करार फारसा कानांवर पडत नसे. आता तीन वर्षांचं चक्र आहे: अ वर्षी मत्तय, ब वर्षी मार्क, क वर्षी लूक. योहान या तिन्हींमध्ये विखुरलेला आहे, विशेषतः ईस्टरआधीच्या उपवासकाळात आणि ईस्टरपासूनच्या पास्काकाळात. ज्या सालाला ३ने पूर्ण भाग जातो ते क वर्ष. मात्र ते जानेवारीत सुरू होत नाही, आधीच्या आगमनकाळाच्या, म्हणजे नाताळपूर्वीच्या काळाच्या, पहिल्या रविवारी सुरू होतं.

पहिलं वाचन आणि शुभवर्तमान बहुधा जोडीने निवडलेली असतात, आणि ही जोडी ओळखणं हा माझा शनिवार संध्याकाळचा आवडता उद्योग आहे. अलीशा संदेष्ट्याने वीस भाकरींत शंभर माणसं जेवू घातली, हे पहिलं वाचन असेल तर शुभवर्तमानात पाच भाकरी आणि दोन मासे येणार. मी माझा उतारा मोठ्याने तीनदा वाचते. श्वास कुठे घ्यायचा तिथे पेन्सिलने बारीक रेघ मारते. पत्रं लिहिणाऱ्या प्रेषित पौलाची वाक्यं लांब असतात. मध्येच दम लागला तर "म्हणून" एकीकडे पडतं, ज्यासाठी ते आलं ते दुसरीकडे, आणि समोरच्या माणसाच्या हाती काहीच लागत नाही. एकदा मी तयारी न करता उभी राहिले. घाईघाईत वाचलेलं वाचन लोकांच्या डोक्यावरून गेलेलं मला त्यांच्या चेहऱ्यांवर दिसलं. ते अजून सलतं. त्या आठवड्यात तो उतारा घरी ज्यांनी वाचला नसेल, त्यांच्यासाठी मीच एकमेव संधी होते. २०२१च्या जानेवारीत पोप फ्रान्सिस यांनी वाचकाची अधिकृत सेवा स्त्रियांना खुली केली. त्याआधीही आम्ही वाचत होतोच, पण चर्चने विधिपूर्वक नेमलेली वाचक होणं ही वेगळी गोष्ट आहे. मला त्याचा फार आनंद झाला.

वाचनं संपली की बायबल मागे पडतं, असं बाहेरून बघणाऱ्याला वाटतं. तसं होत नाही. फादर "प्रभू तुमच्याबरोबर असो" म्हणतात, ती बवाजाने शेतातल्या कापणी करणाऱ्यांना घातलेली हाक आहे, रूथच्या पुस्तकातली. "पवित्र, पवित्र, पवित्र" हे यशयाने मंदिरात ऐकलेलं गान. "देवाचा कोकरा" हे योहान बाप्तिस्मा करणाऱ्याचे शब्द. आणि ख्रिस्तशरीर, म्हणजे मिस्सेतली पवित्र भाकर, घेण्याआधी आम्ही सगळे जे म्हणतो, ते तर एका रोमी शताधिपतीचं आहे. त्याचा चाकर घरी आजारी पडलेला, येशू यायला निघतो, तेव्हा हा म्हणतो, प्रभो, तुम्ही माझ्या छपराखाली यावं अशी माझी योग्यता नाही, केवळ शब्द बोला म्हणजे माझा चाकर बरा होईल. मिस्सेत फक्त चाकराच्या जागी "माझा आत्मा" येतो. एका परक्या, परधर्मी सैनिकाची विनवणी आम्ही प्रत्येक मिस्सेत स्वतःची म्हणून म्हणतो. आपण काय म्हणतोय याचा पत्ता अनेकांना नसतो, हे खरं. पण शब्द तोंडी बसलेले असतात, आणि तोंडी बसलेल्या शब्दाची किंमत मला बाबांच्या आजारपणात कळली.

त्याआधी एक जुनी गोष्ट. साधारण १५५ साली रोममध्ये जस्टिन नावाच्या ख्रिस्ती विचारवंताने सम्राटाला उद्देशून आपल्या लोकांची बाजू मांडणारं लिखाण केलं. रविवारी आम्ही काय करतो, तेही त्यात आहे. सगळे एका जागी जमतात, प्रेषितांच्या आठवणी किंवा संदेष्ट्यांचे ग्रंथ वेळ असेल तोवर वाचले जातात, मग प्रमुख बोध करतो, सगळे उभे राहून प्रार्थना करतात, भाकर आणि द्राक्षारस आणतात, उपकारस्तुती होते, वाटणी होते. आणि जे येऊ शकले नाहीत त्यांच्यासाठी सेवक ते घेऊन जातात. जवळजवळ एकोणीसशे वर्षं झाली. क्रम तोच आहे. लूकच्या चोविसाव्या अध्यायात पुनरुत्थित येशू दोन शिष्यांना भेटतो, त्या अम्माऊसच्या वाटेवरही हाच क्रम आहे: आधी वाटेत शास्त्राचा उलगडा, मग मेजावर भाकर मोडणं.

"जे येऊ शकले नाहीत" त्यांत शेवटचे काही महिने बाबा होते. फादर हॉस्पिटलमध्ये आले. खिशातून तेलाची अंगठ्याएवढी डबी काढली. पवित्र सप्ताहाच्या सुमारास महागुरू (बिशप) आशीर्वादित करतात, तेच हे आजाऱ्यांचं तेल. फादरांनी याकोबाच्या पत्रातलं वाचलं: तुमच्यात कुणी आजारी आहे का? त्याने मंडळीच्या वडिलांना बोलवावं, त्यांनी प्रभूच्या नावाने त्याला तेल लावून त्याच्यासाठी प्रार्थना करावी, आणि प्रभू त्याला उठवील. मग जे वाचलं तेच केलं. बाबांच्या कपाळावर अंगठा टेकवला, दोन्ही तळवे उघडून त्यांवर तेल लावलं. सलाइनच्या सुईमुळे डाव्या हाताला पट्टी होती, तिच्या कडेने. त्यानंतर ख्रिस्तशरीर. बाबांना तेव्हा माझं नावही नीट आठवत नव्हतं. फादरांनी "प्रभो, तुम्ही माझ्या छपराखाली" एवढं म्हटलं आणि बाबांचे ओठ हलू लागले. "केवळ शब्द बोला" हे त्यांनी स्पष्ट म्हटलं, आमच्यापेक्षा अर्धा क्षण आधी.

बाबा त्या खाटेवरून उठले नाहीत. "उठवील" या शब्दाशी मी बरेच दिवस भांडले. पुढे एका अभ्यासवर्गात समजलं की याकोबाच्या पत्रात मूळ ग्रीकमध्ये इथे जे क्रियापद आहे, तेच येशूच्या पुनरुत्थानासाठीही वापरलेलं आहे. त्या दिवसापासून तो उतारा माझ्या वाट्याला आला की त्या शब्दापाशी मी रेघ मारत नाही. तिथे आपोआप थांबते.

स्नानसंस्काराच्या, म्हणजे बाप्तिस्म्याच्या, विधीतही असंच आहे. बाळाच्या कानांना आणि ओठांना फादर बोट लावतात, कारण मार्कच्या सातव्या अध्यायात येशूने बहिऱ्या माणसाला तसंच केलं आणि म्हटलं, "एफ्फाथा", म्हणजे मोकळा हो. प्रार्थना अशी असते की या बाळाच्या कानांनी लवकरच देवाचा शब्द ऐकावा आणि तोंडाने विश्वास प्रकट करावा. आधी कान, मग तोंड. पौलही रोमकरांना तेच लिहितो, विश्वास ऐकण्याने होतो.

आता प्रश्नातलं तथ्य. फक्त मिस्सेत ऐकलं तर बरंच काही निसटतं. वाचनक्रम ओव्या गाळतो. उदाहरण म्हणजे स्तोत्र १३७, बाबिलोनच्या नद्यांकाठी बसून रडणाऱ्यांचं. ब वर्षी उपवासकाळाच्या चौथ्या रविवारी ते येतं, पण सहाव्या ओवीपाशी थांबतं. शेवटच्या ओवीत शत्रूची लेकरं खडकावर आपटणाऱ्याला धन्य म्हटलंय. ते चर्चमध्ये गाता येणार नाही, हे मला कळतं. पण ते बायबलमध्ये आहे, आणि उद्ध्वस्त झालेली माणसं देवासमोर काय काय बोलून जातात हे ज्याला जाणून घ्यायचंय, त्याने ते घरी वाचलंच पाहिजे. आमच्यातले बरेच जण वाचत नाहीत. ऐकतो ना दर रविवारी, म्हणतात. मला हे पटत नाही. घरी पुस्तक न उघडणारा माणूस चर्चमध्येही अर्धंच ऐकतो, हे मी त्या वाचनाच्या मेजामागून दर आठवड्याला बघते.

म्हणून मैत्रीण पुढे विचारते, "मग सुरुवात कुठून करू?" तेव्हा मी मार्क सांगते. चार शुभवर्तमानांत सगळ्यात लहान, सोळा अध्याय. दीड-दोन तासांत सबंध होतं. मात्र मनात नको, मोठ्याने वाच. घरात दुसरं कुणी असेल तर त्याला ऐकू जाईल, एवढ्या आवाजात.