लूर्दचं पाणी आणि आईचा गुडघा

"पाणी तेवढं आण, बाकी काही नको," निघताना आईने बजावलं होतं. तिचे गुडघे गेली सहा वर्षं कुरकुरताहेत. आम्ही वसईचे. लहानपणी मोत माउलीच्या, म्हणजे येशूची आई मारियेच्या, जत्रेला वांद्र्याला गेलो की ज्याचं जे दुखतं त्याचा मेणाचा अवयव वाहायचा, हात, पाय, काहीही. त्यामुळे फ्रान्समधल्या लूर्द या ख्रिस्ती तीर्थस्थानाचं पाणी हे तिच्या दृष्टीने त्याच हिशेबातलं.

पॅरिसहून ट्रेनने जवळपास पाच तास. स्टेशनातून गुहेकडे उतरताना एकदम घरी आल्यासारखं वाटलं, कारण रस्त्याच्या दोन्ही बाजूंना आपल्याकडच्या कुठल्याही देवस्थानासारखीच दुकानं. मारियेच्या आकाराच्या प्लॅस्टिकच्या बाटल्या; निळा मुकुट फिरवला की झाकण निघतं. नाक मुरडलं आणि एक घेतली.

गुहा मात्र दुकानांपासून लांब, नदीकाठी, शांत. १८५८ साली ११ फेब्रुवारी ते १६ जुलै या काळात चौदा वर्षांच्या बर्नादेतला इथे अठरा वेळा मारियेचं दर्शन झालं. २५ फेब्रुवारीला मारियेने सांगितल्या जागी तिने हाताने माती उकरली, गढूळ पाणी प्यायली, तोंडाला चिखल फासला. जमलेल्या लोकांना वाटलं, पोरगी वेडी झाली. तोच झरा आता काचेखाली दिसतो. रांगेतून जाताना सगळे भिंतीवरून हात फिरवतात. हातांनी खडक गुळगुळीत झालाय. बाहेर नळ आहेत, पाणी फुकट. मी ओंजळभर प्यायले. गार, बिनचवीचं. आमच्या विहिरीच्या पाण्याला यापेक्षा जास्त चव आहे!

मला खरं कुतूहल होतं ते इथल्या वैद्यकीय कचेरीचं. १८८३ पासून ती आहे. कुणी 'मी बरा झालो' म्हणत आला की त्याचे कागद तपासले जातात: आजार गंभीर होता का, बरं होणं अचानक आणि पूर्ण होतं का, टिकलं का, औषधाने झालं असेल का. कुठल्याही धर्माचा डॉक्टर या तपासणीत बसू शकतो. डॉक्टर फक्त 'कारण सापडत नाही' एवढंच म्हणतात. 'चमत्कार' हा शब्द उच्चारायचा तो बिशपने. सात हजारांहून जास्त दाव्यांपैकी मान्य झालेले चमत्कार फक्त ७२. आमच्या गावातल्या प्रार्थनासभांत एका संध्याकाळी याहून जास्त जाहीर होतात.

त्यातला ७१ वा माझा लाडका. लिव्हरपूलचा सैनिक जॉन ट्रेनर, पहिल्या महायुद्धात जायबंदी झालेला, एक हात लुळा, फिट्स यायच्या. १९२३ मध्ये इथे आला आणि बरा होऊन गेला. पुढे कोळशाच्या गोण्या वाहायचा. सरकार मात्र त्याला मरेपर्यंत पूर्ण अपंगत्वाचं पेन्शन देत राहिलं! आणि चर्चने चमत्कार मान्य केला २०२४ साली. सरकारी काम परवडलं.

रात्री नऊला मेणबत्त्यांची मिरवणूक. सगळ्यात पुढे निळ्या छताच्या हातगाड्यांतले आजारी, त्यांना ओढणारे स्वयंसेवक, आणि आम्ही धडधाकट मागे. माझ्या पुढच्या गाडीत एक म्हातारे गृहस्थ होते. 'आवे मारिया' आलं की सगळे मेणबत्ती उंच धरायचे. त्यांचा हात वर जाईना, तर गाडी ओढणारी कॉलेजातली मुलगी दरवेळी थांबून त्यांचं कोपर उचलून धरायची. दीड तासात एकदाही चुकली नाही. बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानात चमत्कारांना 'चिन्हे' म्हटलंय, हे मी धर्मशिक्षणाच्या वर्गात पाठ केलं होतं. त्या कोपराकडे बघताना ते आठवलं.

घरी आल्यावर बाटली आईच्या हातात दिली आणि बर्नादेतचं सांगितलं: दम्याने बेजार, पुढे फ्रान्समधल्याच नेव्हेर गावच्या मठात गेली ती लूर्दला परत आलीच नाही, आणि पस्तिसाव्या वर्षी हाडांच्या क्षयाने वारली. उजवा गुडघा सडला होता.

"तिचापण गुडघाच?" आई म्हणाली.

बराच वेळ तिने मुकुट उघडला नाही. मग शेजारच्या मावशींना केमो चालू आहे, त्यांच्याकडे ती बाटली घेऊन गेली. लंगडतच.