होकाररावांचा पहिला दिवस
तर आज कोथरूडच्या एका प्रदर्शनात आमचे होकारराव एकदाचे लाँच झाले. होकारराव म्हणजे टेबलावर ठेवायचा छोटा साहेबी कारकून, डोकं स्प्रिंगवर, टिचकी मारली की बराच वेळ "हो सर, हो सर" अशी मान हलवत बसतो, बस्स, बाकी काही उपयोग नाही 😄

बायको म्हणाली होती हे कोण विकत घेणार, तेव्हा मी तिला गॅरी डालची गोष्ट सांगितली, १९७५ साली कॅलिफोर्नियात या माणसाने साधे दगड खोक्यात गवतावर ठेवून, खोक्याला हवेसाठी भोकं पाडून, सोबत पाळीव दगड कसा सांभाळावा याचं पुस्तक देऊन जवळजवळ ४ डॉलरला एक असे दहा लाखांहून जास्त विकले. तिचं म्हणणं, मग दगडच विक की, खर्च तरी वाचेल.

खरा घोळ स्प्रिंगचा. पहिल्या सॅम्पलचं डोकं जड झालं आणि तो मान आडवी हलवायला लागला, म्हणजे चक्क नाही म्हणायला लागला! शेवटी डोकं पोकळ केलं, बुडात वजन घातलं, आपल्या तंजावरच्या बाहुलीसारखं.

४० नग नेले होते, ११ गेले. एक आजोबा दहा मिनिटं टिचक्या मारत बसले, मग म्हणाले, "नाही म्हणणारा आहे का? घरी हो म्हणणारा मीच आहे."

ते बिघडलेलं सॅम्पल बॅगेतच होतं. तेच घेऊन गेले, पूर्ण पैसे देऊन.