तुम्ही विचारलंत म्हणून: रेल्वे झाली की आमची बस काढून टाकणार काय?

निवृत्त होऊन सात वर्षं झाली, तरी लग्नाच्या पंगतीत, बेळगाव जिल्ह्यातल्या आमच्या खानापूरच्या बसस्टँडवर, अगदी दवाखान्याच्या बाकावरसुद्धा हा प्रश्न मला गाठतोच. बसची वेळापत्रकं लावण्यात माझी नोकरी गेली, हे तालुक्यात सगळ्यांना ठाऊक आहे. बेळगाव–कित्तूर–धारवाड हा नवा लोहमार्ग मंजूर झाल्यापासून तर प्रश्न जास्तच काळजीनं विचारला जातो. आज बेळगावहून धारवाडला रेल्वेनं जायचं म्हणजे लोंढा जंक्शनवरून वळसा, सुमारे १२१ किलोमीटर. नवा मार्ग सुमारे ७३ किलोमीटरचा. दिवंगत रेल्वे राज्यमंत्री सुरेश अंगडी यांनी त्यासाठी पाठपुरावा केला होता. गर्लगुंजी, नंदिहळ्ळी, देसूर भागातल्या शेतकऱ्यांनी पिकाऊ जमिनी वाचवायला मार्ग बदला म्हणून लढा दिला. तो विषय वेगळा, पण विचाराल तर मी त्यांच्या बाजूचा.

आता बसचं. आजवर मी घाईत "नाही हो, कोण काढतंय" असं म्हणून सुटत आलो. ते उत्तर अर्धवट होतं. काही गाड्या काढाव्या लागतात, आणि नीट काढल्या तर गावाचं भलंही होतं.

समजा, खानापूरच्या पलीकडे बारा किलोमीटरवर एक गाव आहे. तिथून बेळगाव अडतीस किलोमीटर. थांबे धरून जाऊन-येऊन तीन तास. एका ड्युटीत एका गाडीच्या दोन फेऱ्या होतात, फार तर अडीच. तीच गाडी खानापूरला थांबवून परत गावाकडे फिरवली, तर फेरी तासात संपते. गाडी तीच, ड्रायव्हर-कंडक्टर तेच, डिझेलही तेवढंच. गावाला मात्र दोनाच्या जागी सहा फेऱ्या. रेल्वेला समांतर धावणारी बस कापायची आणि वाचलेले तास आतल्या गावांना द्यायचे, हे जगभरातलं गणित एवढंच आहे.

मी ते एकदा केलं होतं. रेल्वेसाठी नव्हे, खानापूर–बेळगाव रस्त्यावर गाड्या भरपूर होत्या म्हणून. एका आडगावची थेट बेळगाव गाडी खानापुरात तोडली आणि गावाला चार फेऱ्या वाढवून दिल्या. कागदावर इतकं सुंदर दिसत होतं की मी ते घरी नेऊन बायकोला दाखवलं. तिसऱ्या दिवशी स्टँडवर एक म्हातारी भाजीच्या दोन बुट्ट्या, म्हणजे टोपल्या, घेऊन उभी होती. मला म्हणाली, "साहेब, गाड्या वाढवलासा खरं, बुट्टी उतरून देणार कोण?"

गावात तिचा मुलगा बुट्टी टपावर चढवून द्यायचा, बेळगावात हमाल उतरून घ्यायचा. मधे खानापुरात तिचं कोणी नव्हतं. मागून येणारी गाडी लोंढ्याहूनच भरून यायची आणि कंडक्टर बुट्ट्या बघून घंटी मारायचा. आमच्याकडे दर किलोमीटरला उत्पन्न किती, याचा रकाना होता. एका गाडीतून उतरून दुसरीत चढायला माणसाला काय पडतं, याचा रकाना नव्हता. महिन्याभरानं सकाळची एक थेट गाडी पुन्हा सुरू झाली. ती माझ्या शिफारशीनं नाही. गावच्या बायका रस्त्यावर बसल्या म्हणून. या चुकीची बोच मला अजून आहे.

हेच काम नीट कसं करतात, ते मी २०२४ मध्ये पाहिलं. मुलगी अमेरिकेत सिऍटलच्या उत्तरेला राहते. मी तिच्याकडे असताना ३० ऑगस्टला तिथली लाईट रेल, म्हणजे शहरातून धावणारी हलकी विजेची रेल्वे, लिनवूड या उपनगरापर्यंत आली. चार नवी स्टेशनं. तोवर त्या जिल्ह्यातल्या चारशेच्या क्रमांकांच्या बस हमरस्त्यानं थेट सिऍटलच्या मध्यभागी जायच्या आणि सकाळच्या गर्दीत अडकून पडायच्या. त्या बंद होणार होत्या. पण रेल्वे सुरू झाली त्या दिवशी नाही, १४ सप्टेंबरला. पंधरा दिवस जुनी बस आणि नवी रेल्वे दोन्ही चालू. मुलीनं पहिल्या आठवड्यात दोन्ही वाटांनी जाऊन पाहिलं आणि मग स्वतःच बस सोडली. लिनवूडला आपल्या भागातून येणारी बस स्टेशनाला लागूनच थांबते, आणि गाडी तेव्हा दर आठ-दहा मिनिटांनी असायची, म्हणून वेळापत्रक बघावं लागत नव्हतं. कार्ड एकच, दोन तासांत बदललेल्या गाडीचं भाडं पहिल्या भाड्यातून वळतं होतं. इतकं करूनही, रेल्वेत माणसं मावणार नाहीत या काळजीनं लिनवूड–सिऍटल अशी ५१५ क्रमांकाची बस गर्दीच्या वेळेसाठी त्यांनी मुद्दाम सुरू केली. हे वाचून मला फार बरं वाटलं. रेल्वेवर एवढा खर्च केलेल्या लोकांनाही तिच्या शेजारी बस ठेवायला कमीपणा वाटला नाही.

याच्याशेजारी आपलं बेळगाव ठेवून बघा. रेल्वे स्टेशन एकीकडे, मध्यवर्ती बसस्टँड दुसरीकडे, किल्ल्याच्या बाजूला. बुट्टी घेऊन चालत जायचं अंतर नाही. मधे रिक्षा, म्हणजे कित्येकदा दिवसाच्या कमाईतला लचका. खानापूरला, देसूरला रेल्वे थांबते, पण दहा मिनिटांनी नाही. एक चुकली की तासन्‌तास बसून राहायचं. अशा रेल्वेच्या भरवशावर बस तोडणं म्हणजे गावाची वाटच तोडणं.

आणि पैशांचं. ११ जून २०२३ पासून शक्ती योजनेत कर्नाटकातल्या बायकांना साध्या सरकारी बसला तिकीट नाही. कंडक्टर शून्याचं तिकीट फाडून देतो. रेल्वेला ही सवलत नाही. म्हणजे बस काढून "रेल्वेनं जा" म्हटलं, की जिचा प्रवास फुकट होता तिला उद्यापासून पैसे मोजावे लागतील. पोरांचा बसपासही रेल्वेत चालत नाही. आराखडा करणाऱ्या टेबलावर ही गोष्ट पहिल्या पानावर हवी.

पाट्यांचंही बोलतोच. मार्ग बदलला की सूचना लागते ती कन्नडमध्ये. कन्नड असावीच, राज्याची भाषा आहे. पण खानापूर तालुक्यातल्या कित्येक म्हाताऱ्या माणसांना ती वाचता येत नाही. ती गाडी ओळखतात वेळेवरून, ड्रायव्हरच्या चेहऱ्यावरून. खाली दोन ओळी मराठीत लिहिल्या आणि गाडीला मोठा ठळक नंबर दिला, तर बदललेली गाडी त्यांना सापडेल. याला कोणी सीमाप्रश्नाचा रंग देऊ नये. गाडी चुकलेल्या माणसाचा हा प्रश्न आहे.

म्हणून माझं उत्तर असं. नवा मार्ग झाला तर बेळगाव–धारवाड हमरस्त्यावरच्या थेट गाड्यांपैकी काही कमी होतील, आणि व्हाव्यात. त्यांचे तास कित्तूरच्या, खानापूरच्या आतल्या गावांना मिळाले पाहिजेत, आणि कुठल्या गावाला किती, हे आधी लिहून मिळालं पाहिजे. पहाटेची भाजी-दुधाची गाडी आणि संध्याकाळची शेवटची गाडी यांना हात लावू नये. जुनी-नवी सोय निदान महिनाभर बरोबर चालू द्यावी. पंधरा दिवस तिथं पुरले, इथं बातमी गावात पोचायलाच तेवढे लागतात.

सध्या मी एक वही केली आहे. खानापूरच्या स्टँडवर सकाळी बसतो आणि गाडीतून उतरणाऱ्यांना विचारतो: गाव कुठलं, डोक्यावर काय, पुढं कुठं जायचं, कोणी उतरून घेणारं आहे का. चौथा रकाना मी सगळ्यात काळजीनं भरतो. त्या म्हातारीचं गाव पहिल्या पानावर आहे. आता तिची सून येते. बुट्ट्या दोनच, आणि सकाळची थेट गाडी अजून चालू आहे.