सासूबाईंसह शिवसागर: कॅम्परव्हॅनने बामणोली, तिथून पुढे बोट

साताऱ्यात आयुष्य काढून शिवसागर, म्हणजे कोयना धरणाचा जलाशय, न पाहिलेली वडीलधारी माणसं बरीच आहेत. तरुण पोरं सकाळी बाइकवर बसतात, काठावरच्या बामणोलीला जातात, वासोटा किल्ला करून रात्री घरी येतात. मागे राहतात ती गुडघे दुखणारी, वारंवार बाथरूमला जावं लागणारी, दुपारी जरा पाठ टेकावी लागणारी माणसं. आमच्या सासूबाई त्यांतल्याच. म्हणून या जानेवारीत आम्ही पुण्याहून कॅम्परव्हॅन भाड्याने मागवली. झोपायची सोय आणि आतलं टॉयलेट सोबत असेल तर या माणसांनाही नेता येतं, हे स्वतः अनुभवलं म्हणून सविस्तर लिहितेय.

गाडी निवडताना आधी रस्ता बघा, आतला टीव्ही आणि लाइटिंग नंतर. समर्थ मंदिराजवळून यवतेश्वरचा घाट चढायचा, कासचं पठार आणि तलाव ओलांडायचा आणि मग बामणोलीकडे उतरायचं. एकूण अंतर चाळीस किलोमीटरच्या आत-बाहेर, पण उतारावर रस्ता अरुंद आहे आणि वळणं लागोपाठ येतात. एसटी जाते म्हणून मोठी बसही जाईल असं कोणी सांगेल, पण एसटीच्या ड्रायव्हरला तो रस्ता रोजचा असतो. आम्ही टेम्पो ट्रॅव्हलरवर बांधलेली व्हॅन घेतली, बसवर बांधलेली मुद्दाम टाळली. छतावर एसी बसवलेला असल्यामुळे गाडीची उंची वाढते आणि झाडांच्या खाली आलेल्या फांद्या लागतात. टपासकट उंची किती, ते बुकिंग करतानाच विचारा.

गाडी चालकासह घ्या, असं मी आग्रहाने सांगेन. आमचे ड्रायव्हरकाका यवतेश्वरला चढले त्याच गिअरमध्ये बामणोलीकडे उतरले, ब्रेकवर पाय ठेवून बसले नाहीत. आत भांडी, पाण्याची टाकी आणि माणसं असलेली उंच गाडी वळणावर कलते, तेव्हा असा हात लागतो.

नंबरप्लेट जरूर बघा. पिवळ्या पाटीवर काळे आकडे म्हणजे चालकासह भाड्याची गाडी. काळ्या पाटीवर पिवळे आकडे म्हणजे स्वतः चालवायला भाड्याने मिळणारी. पांढऱ्या पाटीची, म्हणजे खासगी गाडी कोणी ‘ओळखीत’ स्वस्तात देत असेल तर घेऊ नका. भाड्यावर फिरताना अपघात झाला तर विम्याचे पैसे अडकतात. राज्याचं कॅरॅव्हॅन (म्हणजे अशाच राहायच्या गाड्यांचं) धोरण २०२१ मध्ये आलं, त्यामुळे रीतसर कागद असलेल्या गाड्या आता मिळतात. परमिट आणि विम्याचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा. दिवसाला किती किलोमीटर धरलेत, वरच्या किलोमीटरला दर काय, ड्रायव्हरचा रात्रीचा भत्ता कोणी द्यायचा, हे मेसेजवर लिहून घ्या.

आता टॉयलेट. लोक हा विषय टाळतात, पण आमची सगळी सहल त्याच्यावर उभी होती. व्हॅनमध्ये कॅसेट टॉयलेट असतं, म्हणजे खाली बाहेर काढता येणारी एक पेटी. पाच माणसांनी वापरलं तर ती लवकर भरते. त्यामुळे आम्ही घरात नियमच केला की व्हॅनमधलं टॉयलेट फक्त सासूबाईंसाठी आणि रात्रीसाठी, बाकीच्यांनी मुक्कामाच्या ठिकाणचं वापरायचं. पेटी रिकामी करायची ती सेप्टिक टँक असलेल्या संडासातच, तेही जागेच्या मालकाला विचारून. ओढ्यात, शेतात किंवा जलाशयाच्या काठावर अजिबात नाही. हेच पाणी खालच्या गावांना जातं आणि समोरच कोयना अभयारण्य आहे. भांडी धुतलेलं पाणीही वेगळ्या टाकीत साठतं, तो नळ रस्त्यात सोडू नका.

मुक्कामाला व्हॅन कुठेही लावता येत नाही. कास पठारावर तर तो विचारही नको, तो जागतिक वारसा आहे. बामणोलीत कृषी पर्यटनाची, घरगुती राहण्या-जेवणाची ठिकाणं आहेत. आदल्या दिवशी फोन करून ‘मोठी गाडी अंगणात लावू का, लाइटचं कनेक्शन मिळेल का’ असं विचारलं तर माणसं आनंदाने हो म्हणतात. सोबत १५ अँपिअरची लांब वायर ठेवा. बॅटरीवर दिवे, पंखा आणि मोबाइल चालतात, रात्रभर एसी चालत नाही. जानेवारीत एसी लागलाच नाही, उलट पहाटे दोन गोधड्या कमी पडल्या. डिझेल साताऱ्यातच भरा. खाली मोबाइलची रेंज जाते-येते, म्हणून रोख पैसे हवेतच.

बोटीचा हिशेब निराळा आहे. इथे बोट स्वतः चालवायला मिळत नाही, चालवणारे दादा बोटीसोबतच असतात. भाडं माणसामागे नाही, बोटीमागे असतं, आणि एका बोटीत किती माणसं बसवायची तेही ठरलेलं असतं. चार-पाचजणच असाल तर काठावर दुसरा छोटा गट शोधा, खर्च निम्मा होतो. दरपत्रक लावलेलं असतं. त्यावर घासाघीस करू नये असं मला मनापासून वाटतं. कोयना धरणाचं पाणी मागे तापोळ्यापर्यंत पसरलं तेव्हा याच खोऱ्यातल्या लोकांच्या जमिनी आणि गावं बुडाली. आज त्याच पाण्यावर बोट चालवून त्यांची घरं चालतात.

लाइफ जॅकेटच्या बाबतीत मात्र भिडेला बळी पडू नका. बोट सुटण्याआधी प्रत्येकाच्या अंगात जॅकेट, बकल लावलेलं, पट्टा आवळलेला. बाकाखाली ठेवलेलं जॅकेट बुडणाऱ्याच्या कामाचं नाही. बोटीवरची जॅकेटं बहुधा मोठ्यांच्या मापाची असतात, लहान मुलाच्या डोक्यावरून ती सटकतात. आमच्या सात वर्षांच्या मुलासाठी आम्ही त्याच्या मापाचं, मांड्यांमधून पट्टा असलेलं जॅकेट घरूनच नेलं होतं. ते बघून बोटवाले दादा म्हणाले, ‘ताई, सगळ्यांनी असं आणलं तर आमचा जीव टांगणीला लागायचा नाही.’ पोहायला उतरू नका. काठ गाळाचा आहे आणि पाणी एकदम खोल होतं.

वासोट्याला नवरा, नणंद आणि भाचा गेले. पायथ्यापर्यंत बोटीने साधारण दीड तास, मग जंगलातून चढ. वनखात्याची परवानगी लागते, ओळखपत्र न्या. प्लॅस्टिक मोजून नोंदवतात आणि परत दाखवावं लागतं. अभयारण्यात मुक्काम करता येत नाही, संध्याकाळच्या आत परतावंच लागतं, म्हणून सकाळच्या पहिल्या बोटींमध्ये नंबर लागला पाहिजे. व्हॅन आदल्या रात्रीच बामणोलीत असल्याचा मोठा फायदा इथे झाला. साताऱ्याहून पहाटे निघून धावत यावं लागलं नाही. पावसाळ्यात वासोटा बंद असतो.

मी, मुलगा आणि सासूबाई दुसऱ्या बोटीने त्रिवेणी संगमाकडे, दत्त मंदिराला गेलो. कोयना, सोळशी आणि कांदाटी या नद्या तिथे एकत्र येतात. ज्येष्ठांना न्यायचं तर डिसेंबर-जानेवारी बरा. उन्हाळ्यात पाणी मागे सरकतं, बोट लांब लागते आणि काठावरच्या गाळातून, चढावरून चालावं लागतं. आम्ही व्हॅनमधलं प्लॅस्टिकचं छोटं स्टूल बरोबर घेतलं होतं. त्यावर पाय ठेवून सासूबाई बोटीत चढल्या, आत दादांनी त्यांना मधल्या बाकावर बसवलं. दुपारी वारा सुटतो आणि बोट हलते, म्हणून त्यांची फेरी सकाळीच उरकली. परत आल्यावर त्या व्हॅनमध्ये तासभर झोपल्या आणि चारला उठून भाकरी, पिठलं आणि ठेच्यावर बसल्या. ‘दवाखाना सोडून मी एवढ्या लांब कधी आले होते गं?’ असं त्यांनी विचारलं, तेव्हा भाड्याचा आकडा मी डोक्यातून काढून टाकला.

ज्यांना स्पीडबोट, जेट स्की असं काही हवंय त्यांनी याच जलाशयावरच्या मुनावळ्याकडे जावं, तिथे २०२४ मध्ये सरकारी जलपर्यटन सुरू झालंय. महाबळेश्वरच्या वेण्णा लेकमध्ये वल्ह्याच्या बोटी मिळतात, पण शनिवार-रविवारी रांग मोठी असते आणि मोठी व्हॅन लावायला जागा सापडत नाही. सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये कासच्या फुलांचा हंगाम असतो, तेव्हाही सुट्टीच्या दिवशी व्हॅन या रस्त्याला घालू नका, मंगळवार-बुधवार धरा.

गाडी परत देण्याआधी टॉयलेटची पेटी आणि भांड्यांच्या पाण्याची टाकी रिकामी करा, आतून-बाहेरून व्हिडिओ काढा आणि डिपॉझिट कधी परत मिळणार ते मालकाकडून त्याच मेसेजमध्ये लिहून घ्या.