पोर्तोबेलो: जिथं चांदीचे ढीग रस्त्यावर पडायचे

पनामातल्या पोर्तोबेलोला जाताना सबानितासला बस बदलली. अमेरिकेतली जुनी शाळेची बस, अंगभर रंगवलेली, आणि आत गाणी एवढ्या मोठ्यानं लावलेली की शेजारी बसलेल्या निखिलला मी काय म्हणतेय ते कळत नव्हतं. पनामा सिटी सोडून बराच वेळ झाला होता. एका वळणावर झाडी सरली, खाली शांत हिरवी खाडी दिसली आणि निखिल ओरडलाच, "अगं, हे तर आपलं कोकण!"

खरंच तसंच. दोन्ही बाजूंनी डोंगर, नारळ, दमट वारा, आणि शेवाळ धरलेल्या तटबंद्या. कोलंबस १५०२ साली इथं शिरला आणि त्यानं नाव ठेवलं पोर्तो बेलो, म्हणजे सुंदर बंदर. नावात काही खोट नाही.

गाव मात्र एवढंसं. पत्र्याची छपरं, दोरीवर वाळत घातलेले कपडे, चर्चच्या भिंतीवर बसलेली काळी गिधाडं. मधोमध एक दोनमजली कमानींची इमारत, गावाच्या मानानं फारच दांडगी. हे जुनं कस्टम हाऊस, १६३० च्या दशकातलं. मला बघायचं होतं ते हेच.

लहानपणापासून समुद्री चाचे म्हटलं की डोळ्यांपुढे येतो तो वाळूत पुरलेला पेटारा. इथं उभं राहिल्यावर तो पेटारा अगदीच पोरकट वाटायला लागला. बोलिव्हियात चार हजार मीटर उंचीवरच्या पोतोसीला १५४५ साली चांदीचा डोंगर सापडला. तिथली चांदी लामा आणि खेचरांच्या पाठीवरून अरिकाच्या किनाऱ्याला यायची, जहाजानं लिमाच्या कयाव बंदरात आणि तिथून पनामाला जायची. मग पुन्हा खेचरं, जंगलातून सुमारे ८० किलोमीटर, आणि शेवटी हे अंगण. स्पेनचा ताफा आला की इथं जत्रा भरायची. थॉमस गेज नावाच्या इंग्रज धर्मगुरूनं १६३७ साली एका दिवसात चांदी लादलेली २०० खेचरं मोजली. बाजारात उतरवलेली ती चांदी रस्त्यावर दगडांचे ढीग पडावेत तशी पडली होती, असं त्यानं लिहून ठेवलंय. मुंबईत आपण विटांचा ट्रक रिकामा करतो ना, तसं!

जत्रेची दुसरी बाजू म्हणजे ताप. एवढी माणसं, एवढीशी जागा, पाऊस आणि डास. व्यापारी आणि खलाशी पटापट मरायचे. ताफा गेला की गाव पुन्हा ओस.

आणि ही चांदी स्पेनमध्ये तरी कुठं टिकली? हातोहात युरोपभर गेली. शिवाजी महाराजांच्या काळात सुरतेला उतरलेल्या परदेशी चांदीत स्पॅनिश रियाल नावाची नाणीही होती. तिथल्या टांकसाळीत ती वितळली आणि रुपये होऊन बाहेर पडली. आपल्याकडच्या एखाद्या जुन्या पैंजणात पोतोसीचा कण असेलही, कोण सांगणार!

समुद्री चाचा हेन्री मॉर्गन इथं आला तो जुलै १६६८ मध्ये. बंदराच्या तोंडाशी तोफा असल्यामुळे त्यानं मोठी जहाजं लांब ठेवली आणि रात्री होड्यांतून चारेकशे माणसं किनाऱ्याला उतरवली. पहाटे मागच्या बाजूनं गावात. तोफा समुद्राकडे तोंड करून बसलेल्या! मग पनामाच्या गव्हर्नरशी पत्रापत्री, घासाघीस, आणि एक लाख पेसोंची खंडणी. एक पेसो सुमारे २७ ग्रॅम चांदीचा. निखिलनं फोनवर गुणाकार केला: २,७०० किलोंच्या मोलाचा ऐवज. पुरलं वगैरे काही नाही. मॉर्गनच्या लोकांनी आपापला वाटा जमैकातल्या पोर्ट रॉयलच्या गुत्त्यांत उडवला. मॉर्गन पुढे 'सर' झाला, जमैकाचा उपगव्हर्नरही झाला. मला यातली खंडणी समजते, 'सर' मात्र पचत नाही.

पुरलेलं म्हणावं असं इथं एकच आहे, तेही पाण्यात. इंग्रज दर्यावर्दी फ्रान्सिस ड्रेक १५९६ साली याच किनाऱ्याजवळ हगवणीनं मेला. त्याला शिशाच्या पेटीत घालून समुद्रात सोडलं. ती पेटी अजून कुणाला मिळालेली नाही.

दुपारी तळलेला मासा आणि नारळाच्या दुधातला भात. मी दोनदा घेतला.

मग सान हेरोनिमो किल्ल्याच्या तटावर गेलो. भिंतीचे दगड जवळून बघितले तर ते प्रवाळाचे. घावनाला पडते तशी बारीक जाळी, कुठं कुठं फुलासारखी नक्षी. हात फिरवला की खरखरतं. तोफा अजून आपापल्या झरोक्यांत पडून आहेत, गंजून पापुद्रे सुटलेल्या. १७३९ साली ब्रिटिश अ‍ॅडमिरल व्हर्नननं सहा जहाजांनिशी हे बंदर घेतलं. लंडनच्या पोर्टोबेलो रोडला नाव मिळालं ते त्यावरून. पुढे स्पेनची जहाजं दक्षिण अमेरिकेला वळसा घालून जायला लागली आणि इथली जत्रा संपली.

एक शाळकरी मुलगा तोफेवर घोड्यासारखा बसून आइसफ्रूट खात होता. आम्हाला बघून त्यानं सरकून जागा दिली. मी "नको नको" म्हणेपर्यंत निखिल बसलासुद्धा. फोटो छान आला. त्याच्या पांढऱ्या पँटवरचा गंजाचा डाग मात्र घरी आल्यावर लिंबू-मीठ लावूनही गेला नाही.