गोठा वजा घर

सकाळी दहालाच वकीलसाहेबांचा फोन आला. "अहो, तुम्ही आमचा गोठाच वजा करून टाकलात की!"

मला आधी काही उमगेना. मी मोडी वाचतो. जुनी खरेदीखतं, वाटणीपत्रं देवनागरीत उतरवून देणं हा माझा धंदा. आठवड्यापूर्वी त्यांच्या अशिलाच्या आजोबांचं, स्वातंत्र्याआधीचं एक खरेदीखत मी उतरवून दिलं होतं. फाईल उघडली. सातवी ओळ : "गोठा वजा घर खण ३". विकणाऱ्याच्या नातवांनी नेमकं तिथेच बोट ठेवलं होतं. गोठा वजा करून उरलेलं घर विकलं, सबब गोठा आमचा!

मूळ कागद पुन्हा काढला. मोडी लिहिणारा आधी आडवी रेघ ओढून घेतो आणि मग अक्षरं तिला टांगत जातो. शब्द तोडायचा रिवाज नाही, विरामचिन्हं नाहीत. कागदावर सलग होतं : गोठावजाघरखण३. मधली मोकळी जागा लेखनिकाची नव्हे, माझी. घाईत एकदा स्पेसबार दाबला होता, बस्स.

गंमत म्हणजे चार ओळी खाली दुसरा 'वजा' बसलेला : "तीनशे रुपयांपैकी गहाणाचे पंच्याऐंशी वजा जाता बाकी दोनशे पंधरा रोख पावले." हा मात्र निखळ हिशेबातला. शाळेत आपण 'वजाबाकी' हा एकच शब्द म्हणून घोकतो. इथे त्याचे दोन्ही तुकडे सुटे दिसतात : वजा किती गेले आणि बाकी किती राहिले.

माझ्या टेबलाशेजारी स्टॅम्पपेपर विकणारे चाचा बसतात. घरात उर्दू, बाहेर अस्सल मराठी. त्यांना विचारलं, तर चष्मा कपाळावर सारून म्हणाले, "आमच्यात पगारातून पैसे कापले की वज़ा केले म्हणतात. आणि माणसाची वज़ा म्हणजे त्याची ढब, राहणी. शब्द एकच." मूळ अरबी धातूचा अर्थ 'ठेवणे'. काढून बाजूला ठेवलं ते वजा झालं. आणि एखादी गोष्ट जशी ठेवलेली, घडवलेली दिसते ती तिची वजा, म्हणजे घाट. 'झोपडीवजा घर', 'सूचनावजा पत्र' यांतला वजा हा दुसरा. त्यातून कुणी काही कापलेलं नसतं. आणखी एक भावंड त्याच कागदाच्या डोक्यावर होतं : 'मौजे अमुक'. मौजा म्हणजे ठिकाण, ठेवण्याची जागा. तोही त्याच धातूचा. इतकी वर्षं 'मौजे' उतरवतोय, पण हे नातं कधी डोक्यात आलं नव्हतं.

आपल्याकडे आधी शब्द नव्हता असं नाही. भास्कराचार्यांच्या ११५० सालच्या 'लीलावती'त बेरजेला संकलित आणि वजाबाकीला व्यवकलित आहे. पण वाण्याच्या दुकानात 'व्यवकलन करा' म्हणून पाहा! 'उणे' मात्र टिकला. एकोणीस म्हणजे एकाने ऊन वीस. एकोणतीस, एकोणचाळीस, सगळीकडे तो आत लपून बसलाय. दफ्तरात मात्र फारसी वळणाचे शब्द रुळले, आणि आज आयकराच्या फॉर्मवरसुद्धा आपण 'वजावट'च शोधतो.

असो. चाचांचं उर्दू कोर्टात पुरावा म्हणून चालणार नव्हतं. कागदातच काही सापडतंय का ते पाहायला हवं होतं. आधी चतुःसीमा वाचली. पूर्वेस गावरस्ता, दक्षिणेस ओढा, पश्चिमेस दुसऱ्याचं खळं, उत्तरेस देवळाची जागा. गोठा विकणाऱ्याकडे राहिला असता तर कुठल्या तरी बाजूला 'आमचा गोठा' आला असता. तो कुठेच नाही. मग शेवटून तिसऱ्या ओळीत सापडलं : "परसातील आंब्याचे झाड खेरीज करून". म्हणजे या लेखनिकाला काही वगळायचं असलं की तो 'खेरीज' लिहितो. 'वजा' तो पैशांपुरता ठेवतो. माझा जीव भांड्यात पडला.

दुपारी अशील स्वतः आले, ऐंशीच्या घरातले. मी विचारलं, "आजोबा, ते घर होतं कसं?" ते म्हणाले, "कसलं घर! उजवीकडं म्हशी, डावीकडं आमची चूल. मधी गुडघाभर भिंत. रात्री म्हैस फुरफुरली की आय उठायची."

मी दुरुस्ती लिहिली, चूक माझी असल्याचंही नमूद केलं आणि मजकूर टायपिंगच्या मुलीकडे दिला. तासाभराने प्रत आली. सातवी ओळ : "गोठा वजा घर".

"अगं, हे पुन्हा तोडलंस?"

"सर, जोडून लिहिलं की खाली लाल रेघ येते."

"येऊ दे रेघ," म्हटलं, आणि तिच्या शेजारी खुर्ची ओढून बसलो.