सण बदलले की आपण?

दर सणाला कुणी ना कुणी मला विचारतंच, "आता पूर्वीसारखी मजा का येत नाही हो? सण बदलले की आपण?" घाईत काहीतरी बोलून मी वेळ मारून नेते. तुम्ही विचारलंत म्हणून आज नीट सांगते.

लहानपणीची मजा खरीच होती. फ्रेंच तत्त्वज्ञ पॉल जाने यांनी १८७७ मध्ये मांडलं होतं, की वर्ष किती लांब वाटतं ते आपण किती जगलोय यावर ठरतं. पाच वर्षांच्या मुलाला एक वर्ष म्हणजे आयुष्याचा पाचवा हिस्सा, पन्नाशीत तेच पन्नासावा. सणाचा निम्मा आनंद वाट पाहण्यात, आणि लहानपणी ती वाट संपता संपायची नाही. आता एक सण आवरतोय तोवर पुढचा दारात उभा.

विशीत मला हे सगळं नकोसं झालं होतं. तेच नातेवाईक, तेच प्रश्न. त्याचं आज वाईट वाटत नाही. त्या वयात माणूस स्वतःची जागा शोधत असतो.

माझं मन खरं बदललं ते आईची वही हातात आली तेव्हा. शंभरपानी, कोपरे दुमडलेली. कोण कधी पोचणार, कुणाला जिना चढवत नाही, कुणाला रात्री दिवा लागतो, कुणाची गादी कुणाशेजारी घालायची नाही. कुठल्या दोघांचा अबोला सुटला, तेही समासात पेन्सिलीनं. त्या वर्षी सगळे झोपल्यावर मी रात्री दोनपर्यंत एकटी आवरत बसले होते. आईच्या अशा किती रात्री गेल्या असतील, आणि मी मात्र शेजारच्या खोलीत गाढ झोपलेली! आपोआप होतंय असं वाटायचं, ते ती करत होती.

मानववंशशास्त्रज्ञ मिकाएला दि लिओनार्डो यांनी १९८७ मध्ये या कामावर लिहिलं आणि त्याला 'किन वर्क', म्हणजे नात्यांचं काम, असं नाव दिलं. भेटी ठरवणं, पत्रं-फोन, सणाची जुळवाजुळव. हे बहुतेक बायकांवरच पडतं, हेही त्यांनी दाखवलं. म्हणून चाळिशीतली कुणी "मजा येत नाही" म्हणाली, की मी आधी विचारते, हाताखाली कोण असतं? दमलेल्या माणसाला आनंद कुठून होणार? घरातल्या पुरुषांनी हे मनावर घ्यावं, अशी माझी कळकळीची विनंती आहे.

आता मी ५८ वर्षांची आहे. मानसशास्त्रज्ञ लॉरा कार्स्टन्सेन सांगतात, की पुढचा काळ थोडा उरलाय असं जाणवू लागलं, की माणूस ओळखीपाळखीच्या गर्दीपेक्षा जिव्हाळ्याची चार माणसं निवडतो. गंभीर आजारी असलेल्या तरुणांतही हेच दिसतं, म्हणजे प्रश्न नुसत्या वयाचा नाही. मला हे तंतोतंत पटतं. सजावट राहिली तर राहिली. पण जी माणसं आली आहेत, त्यांच्याशेजारी निवांत बसायला मिळालंच पाहिजे. आणि जी येणार नाहीत, ती त्याच दिवशी सगळ्यात जास्त आठवतात.

वडील गेल्यावरही आई दर वर्षी यादीत पहिलं नाव त्यांचंच लिहायची. पुढे वेळ नाही, गादी नाही, नुसतं नाव. मीही तसंच करते. आता त्याखाली आईचं असतं.

यंदा भाची म्हणाली, "आत्या, या वेळी यादी मी करते." लिहिता लिहिता थांबली. "या दोघांच्या पुढे काहीच का नाही गं?" मी सांगितलं. तिनं नवं पान घेतलं, ती दोन नावं सावकाश, सुवाच्य अक्षरात लिहिली, आणि मग मला विचारलं, "बाकीचे किती वाजता येताहेत?"